भोपळा फुटला, भरपाई कुणी द्यायची?

मिरजेहून ट्रान्सपोर्टने गोव्यात मागवलेल्या तानपुऱ्याचा भोपळा तडकून आला, की कारागीर वाहतूकदाराकडे बोट दाखवतो आणि वाहतूकदार पॅकिंगकडे. आपण मात्र 'देवाक काळजी' म्हणत गप्प! (भोपळा सांधून मिळतो हो, पण पूर्वीची आस मिळेल?) माझ्या मते हे गप्प बसणंच नडतं. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार वाहतूकदाराचा हलगर्जीपणा ग्राहकाने सिद्ध करायची गरज नाही. लेखी नोटीस मात्र बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. खरी मेख पुढेच आहे. किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. भाडं ४०० रुपये, तर भरपाई फार तर ४,०००! तेव्हा माल चढवतानाच बिल्टीवर खरी किंमत लिहून घ्या, आणि खोका उघडून पाहिल्याशिवाय डिलिव्हरीच्या पावतीवर सही करू नका. ड्रायव्हर कितीही घाई करो.