पोलरॉइड आणि परभणीचा उन्हाळा

गेल्या अंकातल्या पत्रलेखकाने लग्नसराईसाठी झटपट फोटो देणारा पोलरॉइड कॅमेरा सुचवला, कारण त्याचा फोटो मोठा. ते खरे, पण त्याच्या आय-टाइप फिल्मच्या पाकिटात फोटो आठच, तशाच इन्स्टॅक्स मिनी कॅमेऱ्याच्या पाकिटात दहा आणि तेही बरेच स्वस्त. शिवाय पोलरॉइड कंपनीच आपली फिल्म 13 ते 28 अंशांत वापरायला सांगते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग रंग बिघडणारच. 40 अंशांपर्यंत चालणारी इन्स्टॅक्सही तेव्हा सावलीतच सांभाळावी लागते. मोठाच फोटो हवा तर इन्स्टॅक्स वाइड आहे, 62 बाय 99 मिलिमीटर. पोलरॉइडने 2008 साली फिल्म बंद करताच धडधाकट कॅमेरे निकामी झाले होते, हेही विसरू नये. घेणाऱ्यांनी आधी फिल्मचा भाव विचारावा, मग कॅमेऱ्याचा.

– एक वाचक, पिंगळी (जि. परभणी)