दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर घरात आणावा का?

मुलगा किंवा मुलगी डिप्लोमाला, बी.सी.ए.ला गेली की घरात कॉम्प्युटरचा विषय निघतो. आई भिशीचा नंबर लावते, वडील पतपेढीच्या कर्जाचा अर्ज आणतात. एवढी जमवाजमव करून घेतलेली वस्तू दहा वर्षे टिकावी, गरजेप्रमाणे वाढवता यावी, ही अपेक्षा रास्तच आहे. जुना माल विकणारे दुकानदार ही अपेक्षा बरोबर ओळखतात आणि म्हणतात, “साधा पी.सी. कशाला घेता? कंपनीतून निघालेला सर्व्हर घ्या. दोन सॉकेटचा बोर्ड आहे. आज एक प्रोसेसर टाका, दोन वर्षांनी दुसरा. मग बघायला नको!” या बोलण्यात खरे किती, ते आज पाहू.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा हिशेब करणारा भाग. मदरबोर्डवर तो जिथे बसतो ती जागा म्हणजे सॉकेट. घरगुती बोर्डावर सॉकेट एकच असते, सर्व्हरच्या बोर्डावर दोन, क्वचित चार. इंटेलच्या झिऑन ई५ या जातीत हे नंबरावरूनच कळते. ई५-१६५० यातला १ सांगतो की हा एकटाच चालणारा. ई५-२६८० यातला २ सांगतो की हा जोडीने चालू शकतो. शेवटी व्ही३, व्ही४ असे लिहिलेले असते ती पिढी. २०१२ ची पहिली पिढी आणि २०१३ ची व्ही२ डीडीआर३ मेमरीवर चालतात. व्ही३ (२०१४) आणि व्ही४ (२०१६) साधारणपणे डीडीआर४ मेमरीवर. या दोन जोड्यांची सॉकेटे वेगळी आहेत, एकातला प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. म्हणून जुने घ्यायचेच तर व्ही३ किंवा व्ही४ चा बोर्ड घ्यावा. त्याआधीचा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आता दुसरे सॉकेट रिकामे ठेवण्याविषयी. ते काही फुकट ठेवलेली शिल्लक नव्हे. त्याच्या बाजूच्या मेमरीच्या खाचा आणि कार्डांचे काही स्लॉट त्याच प्रोसेसरच्या ताब्यात असतात. तो बसत नाही तोवर त्या जागा मृत. पुढे तो घ्यायला जाल तेव्हा पहिल्याच नंबरचा हवा. सोबत दुसरा हीटसिंक हवा, आणि त्या बाजूला वेगळी मेमरीही हवी. एचपीच्या झेड६४० मध्ये तर दुसरा प्रोसेसर वेगळ्या कार्डावर बसतो. ते कार्ड आधी शोधावे लागते. चार-पाच वर्षांनी हे सगळे एकाच वेळी, योग्य भावात मिळेल याची हमी दुकानदार देत नाही. थोडक्यात, जोडी घ्यायचीच असेल तर पहिल्या दिवशीच घ्यावी, नाहीतर एका सॉकेटवरच समाधान मानावे.

दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट वेग, हाही एक गैरसमज आहे. भिंत रंगवायला दोन माणसे लावली तर काम निम्म्या वेळात होते. सुईत दोरा ओवायला दोन माणसे लावून उपयोग नाही. ब्लेंडरसारख्या प्रोग्रॅमवर त्रिमिती चित्रे काढणे, एकाच यंत्रात पाच-सहा आभासी यंत्रे चालवून नेटवर्कचे शिक्षण घेणे, ही वाटून घेता येणारी कामे आहेत. मराठी टायपिंग, टॅली, ऑनलाइन फॉर्म, कॉलेजातले सी आणि जावाचे धडे यांत एका प्रोसेसरचा एकेक कोअर किती चपळ आहे तेच महत्त्वाचे. उलट एका प्रोसेसरला दुसऱ्याच्या बाजूची मेमरी वाचावी लागली तर थोडा वेळ जास्तच जातो.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. ई५-२६८० व्ही४ या एका प्रोसेसरची मर्यादाच १२० वॅट आहे. समजा दोन प्रोसेसरचे यंत्र सरासरी २०० वॅट घेते आणि दिवसाला ६ तास चालते. रोजचे १.२ युनिट, महिन्याचे ३६. सरासरी ५० वॅट घेणाऱ्या साध्या यंत्राला तेवढ्याच वेळात ९ युनिट लागतील. आपल्या बिलात शंभर युनिटांच्या वर दर चढतो, हेही ध्यानात ठेवा. स्वस्तात घेतलेल्या यंत्राची खरी किंमत बिलातून दर महिन्याला वसूल होत राहते.

रॅकमध्ये बसणारा चपटा सर्व्हर तर घरी आणूच नये. त्याचे छोटे पंखे मोठ्याने घोंघावतात. दहा बाय बाराच्या खोलीत एकाने अभ्यास करायचा आणि रात्रपाळीहून आलेल्याने झोपायचे, त्या घराला हे परवडणारे नाही.

मग घ्यावे काय? जुन्यातच बघायचे तर एका सॉकेटचे वर्कस्टेशन पाहावे. एचपी झेड४४० किंवा डेल प्रिसिजन टी५८१० यांत मेमरीच्या आठ खाचा आहेत. आज दोन-चार भरा, पुढे बाकीच्या. एरवी जास्त उपयोगी पडणारी वाढ मेमरीची आणि एसएसडीची असते. सहा कोअरचा प्रोसेसर काढून जास्त कोअरचा बसवणेही शक्य असते. मात्र तो नंबर कंपनीच्या यादीत असावा आणि बायोस नवे असावे. या यंत्रांचे पॉवर सप्लाय कंपनीच्या खास घडणीचे असतात, नेहमीच्या दुकानात जोड मिळत नाही, म्हणून सुटा पॉवर सप्लाय कोठे मिळेल ते आधीच विचारून ठेवा.

नव्यात पाहायचे तर टिकाऊपणाला दोन सॉकेट लागत नाहीत. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ साली रायझन प्रोसेसर आले आणि २०२२ मध्येही त्याच सॉकेटसाठी नवा प्रोसेसर निघाला. अनेक जुन्या बोर्डांवर बायोस बदलून तो चालला. आयुष्य वाढले ते असे.

सॉफ्टवेअरचेही पाहावे लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत ई५ चे हे प्रोसेसर नाहीत. विंडोजची होम आवृत्ती तर एकच सॉकेट वापरते. दोनसाठी प्रो लागते. लिनक्सवर ही यंत्रे उत्तम चालतात आणि त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. पण मुलाच्या कॉलेजचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, ते घेण्याआधी विचारा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा की आपल्या गावच्या दुकानात, जाताना बॅटरी न्या. रिकाम्या सॉकेटचे झाकण उघडून पिना सरळ आहेत का पाहा. एक वाकली तरी बोर्ड बिघडलेला असू शकतो. प्रोसेसरवर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ कोरलेले असेल तर तो चाचणीचा नमुना आहे, घेऊ नका. बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, याची खात्री करा. मेमरी तपासणारा प्रोग्रॅम तासभर चालवायला लावा आणि तेवढा वेळ तिथेच बसा. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि परत घेण्याची मुदत लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.