मिरची तोडून आलेला ताप

या आठवड्यात दोन पोरांच्या तापाचे कागद हाती आले आणि माझंच डोकं तापलं.

पहिला अमेरिकेतला नातू, आजी-आजोबा चंद्रपूरचे. डिसेंबरच्या सुट्टीत आला, ताडोबा पाहिला, मार्कंड्याला दर्शन घेतलं, मग धानोऱ्याकडे मामाच्या घरी राहिला. मार्चअखेर तिकडे ताप. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी प्रश्नांचा भडिमार केला. वर्षभरात कुठल्या देशात गेला होता? परत कोणत्या तारखेला आला? हॉटेलात राहिला की नातेवाइकांकडे? मच्छरदाणी होती? कच्चं दूध प्यायला? वटवाघळांशी संबंध आला? व्हिडिओ कॉलवर बसलेल्या आजी या शेवटच्या प्रश्नाला जाम भडकल्या. पण निम्मं निदान त्या तारखांनीच केलं. डेंग्यू डास चावल्यापासून दोन आठवड्यांत डोकं वर काढतो. तीन महिन्यांनी आलेला ताप इकडून नेलेला डेंग्यू असूच शकत नाही. टायफॉइडही सहसा इतका दम धरत नाही. व्हायव्हॅक्स मलेरिया मात्र यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी उठतो. पहिला रक्तनमुना निगेटिव्ह आला. तिथली शिस्त अशी, की बारा ते चोवीस तासांच्या अंतराने तीनदा तपासल्याशिवाय मलेरिया नाही म्हणायचं नाही. दुसऱ्या नमुन्यात जंतू सापडला.

दुसरा पोरगा गोंडपिपरी तालुक्यातला. फेब्रुवारीत आईबापाबरोबर तेलंगणात, खम्ममकडे मिरची तोडायला गेला. गोदावरीपलीकडे भाषा वेगळी, सरकार वेगळं. आमच्यासाठी परदेशच तो. एप्रिलमध्ये परतला आणि आठवड्याभरात ताप, उलट्या, जुलाब. लहान मुलांचा मलेरिया असाच फसवतो, थंडी वाजून हुडहुडी भरेलच असं नाही. खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर वजन आहे, ताप 103 आहे, पुढे 'व्हायरल'. सलाइन, अँटिबायोटिक. दुसऱ्या दिवशी विडाल 'पॉझिटिव्ह', म्हणजे झाला टायफॉइड! कुठून आलात, हे चिठ्ठीत कुठेच नाही. बापाला म्हटलं, तुम्ही तरी सांगायचं. तो म्हणाला, "विचारलंच नाही जी. अन् मिरच्या तोडाले तं सारेच जातेत."

विडालवर मी पुन्हा घसरणार, हे नेहमीच्या वाचकांनी ओळखलंच असेल. 1896 सालची ही तपासणी. जुना संसर्ग किंवा लस, कशानेही ती 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. आपल्याकडे एकाच नमुन्यावरून तिच्यावर विसंबणं म्हणजे कुंडली पाहून औषध देणं. विडाल बंद केली तर चंद्रपुरातला निम्मा टायफॉइड त्याच दिवशी बरा होईल, असा माझा अंदाज आहे. पुरावा मागू नका.

पोराचं निदान शेवटी केलं आशाताईंनी. बोटाला सुई टोचून किटवर थेंबभर रक्त, वीसेक मिनिटांत रेघ उमटली: फाल्सिपेरम. वेळेत औषध नाही मिळालं तर मेंदूत शिरणारा तो हाच. ताईंनी कुठे गेला होतात असं विचारलंसुद्धा नाही. फेब्रुवारीपासून कुठल्या दाराला कुलूप आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मिरचीच्या शेतात काय होतं? बिजापूर-सुकम्याचे मजूर, भामरागड-एटापल्लीचे आणि आमचे गोंडपिपरी-पोंभुर्ण्याचे, सारे एकाच बांधावर ताडपत्रीखाली झोपतात. एकाच्या अंगात जंतू असला की पुढचं काम डास करतो. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा एकट्या गडचिरोलीत, हे शाळकरी पोरालाही माहीत. पण चंद्रपूरच्या डॉक्टरला तो शेजारच्या जिल्ह्याचा प्रश्न वाटतो.

नातवाचा प्रवास पासपोर्टवर उमटतो, गोंडपिपरीच्या पोराचा टेम्पोच्या मागच्या फाळक्यात जिरून जातो. गरिबाची पोरंही राज्य ओलांडतात, हे आपल्याला एकदाच सुचलं. 2020 च्या टाळेबंदीत मिरचीचे हजारो मजूर तेलंगणात अडकले आणि पायी परतू लागले, तेव्हा गावच्या वेशीवर पहिला सवाल होता, कुठून आलास? तेव्हा भीती आपल्या जिवाची होती. आता फक्त त्यांच्या लेकरांच्या जिवाची आहे.

2018 मध्ये नागपूरकडे गवत-झुडपांतल्या किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस पसरला, तेव्हाही हेच. काखेतला काळ्या खपलीचा डाग दिसायला सदरा वर करावा लागतो. शेतात गेला होतास का, एवढं विचारलं तरच डॉक्टरचा हात सदऱ्याकडे जातो.

आता तेंदूपत्त्याचा हंगाम येतोय. कुटुंबं पुन्हा घराला कुलूप लावून जंगलात फडावर जातील आणि जूनमध्ये लेकरांचे ताप घेऊन शहरातल्या दवाखान्यांच्या बाकांवर बसतील. केसपेपरवर 'गेल्या वर्षभरात मुक्काम कुठे, परत कधी' एवढी ओळ छापून घ्यायला किती खर्च येतो, हे मी छापखान्यात विचारून ठेवलंय. एका विडालच्या पैशांत महिन्याभराचे कागद निघतात. कुणा डॉक्टरांना हवा असेल तर मजकूर मी फुकट लिहून देतो.

– वैनगंगाकर