शब्द देणाऱ्यांचा जाहीरनामा

मराठीत माणूस शब्द देतो. दिलेला शब्द पाळतो, कधी मोडतो, आणि मोडला की चार माणसांत त्याची मान खाली जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेला वाक्यं जुळवता येतात. तिची मान कुठेच खाली जात नाही. लिहिणारे, शिकवणारे, अनुवाद करणारे, चित्रं काढणारे आम्ही या एका फरकासाठी एकत्र येत आहोत.

यंत्राशी आमचं वैर नाही. आमच्या आज्या पहाटेच्या अंधारात उठून जात्याशी बसत. समोरासमोर दोघी, खुंट्यावर दोघींचे हात, आणि मूठभर दाण्यांसोबत एक ओवी. माहेरची, भावाची, विठ्ठलाची, सीतेच्या वनवासाची, पुढे बाबासाहेबांची. सासरी जिला तोंड उघडायची मुभा नव्हती, ती जात्यापाशी मनातलं सगळं बोलून घेई. मग गावोगाव पिठाची गिरणी आली. बायांचे खांदे सुटले, आणि ते फार चांगलं झालं. त्या कष्टांचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. पण दळणाबरोबर बोलायची जागाही गेली, आणि तिच्यासाठी दुसरी जागा कुणी राखली नाही. आता दारात आलेली गिरणी ओवीच दळून देते. मागाल त्या विषयावर, मागाल तितक्या. या वेळी आम्ही जागा राखणार आहोत.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. २०१७पासून त्या ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहेत. तिथे ओवीशेजारी गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. ओवी मुळात कुणी रचली ते सांगणं अवघड. पण ती कुणाच्या तोंडून आली, ते त्यांनी सुटू दिलं नाही. आम्हाला हा शिरस्ता हवा. असंख्य लोकांची पुस्तकं, लेख, गाणी गिळून यंत्रातून जे पीठ पडतं, त्यात कुणाच्या शेतातला दाणा कुठला ते ओळखू येत नाही. म्हणून आमची मागणी: कुणाचंही लेखन, चित्र किंवा आवाज यंत्राला शिकवायला घेण्याआधी त्या माणसाला विचारा, त्याचं नाव नोंदवा, मोबदला द्या. आणि लोकपरंपरा म्हणजे बेवारस माल, ही समजूत सोडा. गाणारी बाई अजून ओसरीवर बसलेली असते.

स्वतःकडेही आमची मागणी आहे. जीर्ण पुस्तकांतला मजकूर उतरवून घ्यायला, न दिसणाऱ्यांना वाचून दाखवायला, शुद्धलेखन तपासायला आम्ही यंत्र वापरू, आणि वापरलं तर तसं छापू. सांत्वनाचं पत्र, माफी, साक्ष, कविता, मुलाच्या वहीवरचा शेरा मात्र आमच्याच हातचा असेल, तो कच्चा उतरला तरी. आमच्यातल्या शिक्षकांनी ठरवलं आहे: चौथीतल्या पोराने ‘माझी आई’वर पाचच वेड्यावाकड्या ओळी लिहिल्या, पण त्यांत आईच्या करपलेल्या भाकरीचा वास असला, तर पूर्ण गुण त्यालाच. गुळगुळीत दोन पानं आणणाऱ्याला रागवायचं नाही. त्याला जवळ बसवून विचारायचं, तुझी आई सकाळी उठल्यावर आधी काय करते?

पहिलं काम याच आठवड्यात. घरातल्या किंवा आळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसायचं. तिला आठवेल ते, तिच्या बोलीत, एक अक्षरही न सुधारता उतरवायचं. खाली तिचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव. जात्यावर तिच्यासमोर कोण बसायची, तिचंही नाव. मग ते तिला वाचून दाखवायचं, आणि पुढे कुणाला द्यायचं की नाही, हे तिलाच विचारायचं.