पदवीचे दार उघडले, अध्यासनाचे केव्हा?

ज्या हिंगणे बुद्रुकला आज आपण कर्वेनगर म्हणतो, तेथील माळावर अण्णासाहेब कर्वे यांनी १९०० साली एका झोपडीत विधवांचा आश्रम नेला आणि १९१६ साली महिला विद्यापीठाचा पाया घातला. १९२१ साली त्या विद्यापीठाच्या पहिल्या पाच स्त्रिया पदवीधर झाल्या. स्त्रीने शिकावे की नाही, हा वाद तेव्हाच निकालात निघाला. आजचा प्रश्न निराळा आहे. शिकलेल्या स्त्रीने विद्यापीठात संशोधन करावे, विभागाची धुरा वाहावी, यास आमची व्यवस्था मनापासून राजी आहे काय?

केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातील पीएच.डी.च्या सुमारे २ लाख १२ हजार विद्यार्थ्यांत स्त्रिया ९९ हजारांच्या घरात होत्या. अध्यापकवर्गात त्या ४३ टक्के होत्या. हे समाधानाचे खरे; परंतु उंबरठा ओलांडणे निराळे आणि बैठकीत मानाचे आसन मिळणे निराळे.

राज्यशास्त्राचेच पाहा. या विषयाच्या अभ्यासकाला गावोगाव हिंडावे लागते, रात्रीच्या सभांना बसावे लागते, पक्षकार्यालयांत तिष्ठावे लागते. घरचा भार एकटीच्याच शिरावर असलेल्या तरुणीने हे कसे साधावे? त्यातही ‘स्त्रिया आणि राजकारण’ तेवढा तिचा विषय आणि संरक्षण व परराष्ट्रनीती पुरुषांची, ही अलिखित वाटणी आहेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत संशोधक स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा देऊ केली, हे उचितच झाले. पण महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापिकेचे काय? जितके तास, तितके मानधन. बाळंतपणाने खंड पडला, तर पुढील वर्षी तासिका मिळतीलच याची शाश्वती नाही. ज्या वयात प्रबंध पुरा व्हावा, त्याच वयात घरात पाळणा हलतो; आणि प्रबंधावाचून सहयोगी प्राध्यापकपदाची बढती नाही.

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. लोकसभेत व विधानसभांत एकतृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती २०२३ साली झाली. प्रतिनिधित्वाचा अर्थ जो विषय शिकवितो, त्याच्याच विभागांनी स्वतःस हा प्रश्न विचारू नये, ही विसंगती नव्हे काय?

आमचे मागणे अवाजवी नाही. रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. तासिका अध्यापिकांना प्रसूतीनंतर कामावर परतण्याची हमी द्यावी. बालसंगोपनाची वर्षे बढतीच्या आड येऊ देऊ नयेत. आणि कोणत्या विषयात, कोणत्या पदावर किती स्त्रिया आहेत, हे प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावे. वस्तीला अण्णासाहेबांचे नाव दिल्याने त्यांचे ऋण फिटत नाही. त्यांनी आरंभिलेले काम शेवटास नेल्यानेच ते फिटेल.