तोंडातले नवे साधन : किती सोसावे, केव्हा सांगावे?

साठी ओलांडल्यावर तोंडात काही नवे बसवायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कवळी उभी राहते. परंतु अलीकडे आणखी एक साधन ज्येष्ठांच्या उशाशी दिसू लागले आहे. वरच्या दातांवर एक आणि खालच्या दातांवर एक अशा दोन पट्ट्या परस्परांना जोडलेल्या असतात आणि त्यांच्या योगाने खालचा जबडा रात्रभर किंचित पुढे धरला जातो. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे या तक्रारींवर हे साधन देतात. दंतवैद्यांच्या भाषेत ते ‘मॅन्डिब्युलर अ‍ॅडव्हान्समेंट डिव्हाइस’. आपण त्याला साधेपणाने ‘जबड्याची पट्टी’ म्हणू.

ही पट्टी पहिल्या आठवड्यात कोणालाच आवडत नाही. तोंडात लाळ साचते, दात आवळल्यासारखे होतात, सकाळी जबडा जड वाटतो. अशा वेळी दोन प्रकारची माणसे आढळतात. काही जण चार रात्रींत कंटाळून पट्टी कपाटात ठेवून देतात. काही जण मात्र, विशेषतः आपल्या मागच्या पिढीतील स्त्रिया, ‘एवढे पैसे घातलेत, मुलांना कशाला सांगायचे’ म्हणून हिरडीला जखम होईपर्यंत मुकाट्याने सोसत राहतात. दोन्ही वाटा हानीच्या आहेत. नवखेपणाचा त्रास कोणता आणि चुकीच्या बसण्याचा त्रास कोणता, हे ओळखता आले की पट्टी सोडावीही लागत नाही आणि निष्कारण सोसावेही लागत नाही. आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

पट्टी नेमके काय करते?

झोपेत शरीराचे स्नायू सैल पडतात. जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे ओघळतो व घशातील हवेचा मार्ग अरुंद होतो. त्या अरुंद मार्गातून जाणारी हवा भोवतालचा मऊ भाग थरथरवते, तेच घोरणे. मार्ग पूर्ण मिटला की श्वास थांबतो. असा खंड दहा सेकंद किंवा त्याहून अधिक टिकला की तो मोजण्याजोगा मानतात. निद्राचाचणीत श्वास थांबण्याच्या वा मंदावण्याच्या घटना तासाला 5 ते 15 असतील तर विकार सौम्य, 15 ते 30 असतील तर मध्यम आणि 30 च्या वर गेल्यास तीव्र समजला जातो. हाच झोपेतील श्वासावरोध, म्हणजे ‘स्लीप अ‍ॅप्निया’. तो दुर्लक्षित राहिल्यास रक्तदाब आटोक्यात येत नाही, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा व पक्षाघाताचा धोका वाढतो आणि दिवसा बसल्याबसल्या डुलकी लागते.

जीभ खालच्या जबड्याशी बांधलेली असते. जबडा काही मिलिमीटर पुढे आला की जीभही पुढे येते आणि मागचा मार्ग मोकळा राहतो. ही कल्पना जुनी आहे. जबडा पुढे धरणाऱ्या एकसंध साधनाचे वर्णन फ्रान्समधील पिअर रोबँ यांनी 1902 मध्येच केले होते. पुढे 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे हवेचा दाब देणाऱ्या उपचाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यालाच आपण ‘सी-पॅप’ म्हणतो. तीव्र विकारात सी-पॅप अधिक प्रभावी ठरते. सौम्य व मध्यम विकारात, किंवा ज्यांना तो मुखवटा मुळीच सहन होत नाही त्यांच्यासाठी, जबड्याची पट्टी हा चांगला पर्याय आहे.

पहिल्या काही आठवड्यांचा त्रास

लाळ वाढणे हे अगदी स्वाभाविक आहे. तोंडात आलेली वस्तू अन्नच आहे असे समजून लाळग्रंथी कामाला लागतात. काही दिवसांत त्यांची समजूत पटते. तोवर उशीवर जुना मऊ पंचा अंथरावा. उलटपक्षी काहींचे तोंड कोरडे पडते, कारण ओठ पूर्ण मिटत नाहीत. रक्तदाब, अ‍ॅलर्जी किंवा नैराश्यावरील काही औषधांनीही कोरड वाढते. उशाशी पाण्याचे भांडे ठेवावे आणि आपल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

दात आवळल्यासारखे वाटणे, पुढचे दात हुळहुळणे, गालांत व कानशिलांजवळ जडपणा येणे हेही आरंभी चालायचेच. पट्टी घालताच थेट झोपण्याऐवजी पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी तासभर, जागेपणी घालून बसावे. वर्तमानपत्र वाचावे, मालिका पाहावी किंवा अभंग ऐकावेत. मन दुसरीकडे गुंतले की तोंड लवकर सरावते. मग रात्री घालण्यास प्रारंभ करावा. मध्यरात्री झोपेत पट्टी काढून टाकली गेली, तरी खचून जाऊ नये. दुसऱ्या रात्री पुन्हा घालावी. किती तास राहिली ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज लिहावे. दोन तासांचे चार आणि चाराचे सहा झालेले डोळ्यांना दिसले की धीर येतो.

बहुतेक चांगल्या पट्ट्यांना जबडा थोडा थोडा पुढे नेण्याची सोय असते. दंतवैद्य जबडा एकदम शेवटपर्यंत ओढत नाहीत. तो जितका पुढे जाऊ शकतो त्याच्या साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश अंतरावर आरंभ करून, पुढे अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहूनही लहान टप्प्यांनी सरकवतात. या कामास काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. दुखणे वाढल्यास एक टप्पा मागे येणे हाही उपचाराचाच भाग आहे. ‘मागे घेतली म्हणजे हरलो’ असे समजू नये. मात्र पट्टीची चावी सांगितल्यावाचून आपल्या हाताने फिरवू नये.

सकाळची दहा मिनिटे

सकाळी पट्टी काढल्यावर मागच्या दाढा एकमेकींवर नीट टेकत नाहीत, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. रात्रभर पुढे राहिलेला जबडा आपल्या जागी परतण्यास अवधी घेतो. बहुधा अर्ध्या-एक तासात तो परततो. त्याला साहाय्य असे करावे :

गालांवर कानापुढे कोमट पाण्यात बुडवून पिळलेले फडके पाच मिनिटे धरावे. जिभेचे टोक टाळूला टेकवून तोंड सावकाश उघडावे व मिटावे, असे आठ-दहा वेळा करावे. नंतर जबडा हळूच डावीकडे, मग उजवीकडे न्यावा. दुखेल इतके ताणू नये. काही दंतवैद्य सकाळी चावण्यासाठी एक लहान साचा देतात. तो दिला असेल तर न चुकता वापरावा, कारण दात मूळ ठेवणीत आणण्याचे काम तोच करतो.

न्याहारी थोडी उशिरा आणि मऊ असावी. पहिले काही दिवस मऊ भात-मेतकूट, लापशी, उपमा किंवा दुधात कुस्करलेली भाकरी उत्तम. चकली, शेंगदाणे, सुकी भाकरी यांना जबडा निवळेपर्यंत थांबवावे. हिरडी चुरचुरत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात व पाणी थुंकून टाकावे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

हा त्रास सोसू नये

नवखेपणाचा त्रास पसरट असतो, सकाळी अधिक असतो आणि दिवसागणिक कमी होतो. याउलट चुकीच्या बसण्याचा त्रास एका बिंदूवर असतो, दिवसभर राहतो आणि वाढत जातो. पुढीलपैकी काहीही आढळल्यास पट्टी त्या रात्री घालू नये व दंतवैद्यांना कळवावे : एकाच दातात टोचल्यासारखी कळ, एखादा दात हलू लागणे, हिरडी वा जिभेवर जखम, ओठ-हिरड्यांना सूज किंवा आग, कानापुढील सांध्यात दिवसभर टिकणारी वेदना, तोंड उघडताना जबडा अडकणे, दुपार झाली तरी दाढा जुळत नसणे, पट्टीला तडा जाणे. यांतील बहुतेक गोष्टी दवाखान्यात थोडे घासून वा सैल करून काही मिनिटांत सुधारतात. घरी कानस, सुरी किंवा गरम पाणी वापरून पट्टीला आकार देण्याचा मोह टाळावा. दोन आठवड्यांत भरून न येणारी तोंडातील कोणतीही जखम, पट्टी असो वा नसो, दाखवलीच पाहिजे.

आणखी दोन गोष्टींचे दूषण पट्टीला देऊन वेळ दवडू नये. जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम, धाप किंवा हातात कळ असेल तर ते हृदयाचे लक्षण असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे. तसेच पन्नाशीनंतर घास चावताना जबडा दुखू लागणे, कानशिलात नवी डोकेदुखी आणि दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे एकत्र आली तर रक्तवाहिनीच्या दाहाची शंका घ्यावी लागते. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे, कारण विलंबाने दृष्टी जाऊ शकते.

ज्येष्ठांसाठी विशेष

पट्टीला आधार दातांचाच असतो. त्यामुळे दोन्ही जबड्यांत पुरेसे मजबूत दात हवेत. हिरड्यांचा रोग असेल तर तो आधी बरा करावा लागतो. संपूर्ण कवळी असणाऱ्यांना ही पट्टी बहुधा उपयोगी पडत नाही. काढता येणारे अर्धे दात असतील तर ते रात्री ठेवावेत की काढावेत, हे माप देतानाच विचारून घ्यावे. नवीन कॅप बसवायची असेल तेव्हा पट्टी सोबत न्यावी, नाहीतर ती पुढे बसणार नाही.

संधिवाताने बोटे आखडली असतील तर पट्टी स्वतः काढता येते का, हे दवाखान्यातच करून पाहावे. ज्यांना ती स्वतः काढता येत नाही किंवा विस्मरणामुळे तोंडात काय आहे हे कळत नाही, त्यांच्याबाबतीत हा उपचार योग्य आहे का, याचा डॉक्टरांशी फेरविचार करावा.

स्वच्छतेसाठी मऊ ब्रश, थंड वा कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि कढत पाण्याने आकार बिघडतो. पट्टी कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नये. केर समजून ती फेकली जाते. डबीतच ठेवावी.

घरच्यांसाठी दोन शब्द

झोपेत श्वास थांबतो तो झोपणाऱ्याला कळत नाही. त्याचे साक्षीदार आपण असता. घोरणे एकाएकी थांबून शांतता पसरते आणि मग दचकून, हुंदक्यासारखा श्वास येतो, असे अजूनही घडते का, ते आठवड्यातून एक-दोन रात्री पाहावे व टिपून ठेवावे. आठवड्यातून एकदा विजेरीच्या उजेडात आई-बाबांचे तोंड पाहावे. ‘दुखते का?’ असे विचारले तर ‘नाही’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘कुठे दुखते, बोट ठेवून दाखवा’ असे म्हणावे. पैसे फुकट गेल्याचा उल्लेख करू नये. त्याने पट्टी तोंडात राहत नाही, तक्रार मात्र पोटात राहते.

आणि एक महत्त्वाची गोष्ट : घोरणे थांबले म्हणजे विकार गेला असे नव्हे. आवाज मिटूनही श्वासाचे खंड चालू राहू शकतात. म्हणून पट्टी योग्य जागी स्थिरावली की ती घालून निद्राचाचणी पुन्हा करून घ्यावी. वर्षांनुवर्षांच्या वापराने दात थोडे सरकू शकतात, यासाठी दंतवैद्यांची नियमित भेट चुकवू नये. वजन, रात्रीचे मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांचाही या विकाराशी संबंध आहे, हे विसरू नये.

ज्यांची पट्टी सध्या कपाटात पडून आहे, त्यांनी ती एकदम पुन्हा घालू नये. काही महिने न वापरलेली पट्टी घट्ट होते. ती डबीसह दंतवैद्यांकडे न्यावी, कोठे दुखत होते ते बोट ठेवून दाखवावे आणि बसवून घेऊन नव्याने प्रारंभ करावा.