आधी ओल अडवा, मग वारा सोडा

म्हशाची जत्रा उलगडली की मुरबाड-शहापूर पट्ट्यातल्या बांधकामांना खरा वेग येतो. भात झोडून झालेले असते, माणसे मोकळी असतात, आणि मेअखेरपर्यंत निदान डोक्यावर पत्रा तरी आला पाहिजे ही घाई प्रत्येकाला असते. हा अंक हाती पडेल तेव्हा टोकावडे, धसई, किन्हवली, डोळखांब या बाजूंना कितीतरी जोती भरली जात असतील. जोते भरायला दोन-तीन दिवस लागतात. पुढची तीस वर्षे त्या घरात ओल राहणार की नाही, हे त्या दोन-तीन दिवसांत ठरते. नेमके तेव्हाच इंजिनीअर साइटवर नसतो.

तक्रार आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. जुलै अर्धा सरला की फोन सुरू होतात. फरशी घामेजते, कपाटाच्या मागे काळी बुरशी धरते, गाद्यांना कुबट वास येतो. दिवाळीनंतर भिंतीच्या खालच्या दीड-दोन फुटांना लोणा लागतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. गवंडी तेवढा गिलावा खरवडून वॉटरप्रूफिंगची पावडर घालून नवा करतो, किंवा सरळ तीन फुटांपर्यंत टाइल चिकटवतो. पुढच्या वर्षी ओल साडेतीन फुटांवर दिसते.

अलीकडे यावर एक उपाय सुचवला जाऊ लागला आहे. फरशीखाली पोकळी ठेवा, जोत्याला जाळ्या बसवा, खालून वारा खेळू द्या. मुंबईहून येऊन इथे बंगला बांधणारे मालक परदेशी चित्रफिती पाहून हे मागतात, आणि काही नकाशांतही ते दिसू लागले आहे. कल्पना नवी नाही. ओलसर जागी मुख्य भिंतीपासून सुटी अशी दुसरी पातळ भिंत बांधावी, मधल्या फटीला हवेशी जोडणारी तोंडे ठेवावीत, असे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत तर अधांतरी फरशीखाली किमान १५० मिलीमीटर पोकळी आणि बाहेरच्या भिंतीच्या दर मीटरमागे १५०० चौरस मिलीमीटर उघडीप, असे मापच दिलेले आहे. म्हणजे मीटरमागे चार सेंटिमीटर चौकोनाचे एक भोक.

पण या मापामागे एक गृहीत आहे. तिकडे बाहेरची हवा थंड, आणि थंड हवेत मुळातच वाफ कमी. ती फरशीखालून गेली की तिथली ओल घेऊन बाहेर पडते. आपल्याकडे जुलैत काय होते ते मांडून पाहा. बाहेरची हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरू. मुरबाडच्या पावसाळ्यात हा काही वाईट दिवस नव्हे. फरशीची खालची बाजू २६ अंशांवर आहे असे समजा. ही हवा तिला टेकली की तिथल्या थराची आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. फरशी २५ अंशांवर उतरली तर थेंबच धरतात. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. म्हणजे ज्या चार महिन्यांत आपल्याला वाऱ्याकडून काम हवे, त्याच चार महिन्यांत तो कामाचा नाही. उलट तोच पाणी घेऊन येतो.

हे कागदावरचे गणित नव्हे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला उन्हाळाही दमट असतो. तिथल्या प्रिन्सव्हिल गावी २००१ पासून बारा एकसारख्या घरांखालच्या पोकळ्यांची मोजणी झाली. काहींना नियमाप्रमाणे जाळ्या होत्या, काहींच्या पोकळ्या बंद करून जमिनीवर प्लास्टिक अंथरले होते. बंद पोकळ्या जास्त कोरड्या राहिल्या.

याचा अर्थ फरशीखालचा वारा निरुपयोगी, असा कोणी काढू नये. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने आपली हवा कोरडी असते. मार्चच्या दुपारी तर ओली विटकर दोन दिवसांत खडखडीत होते. त्या काळात पोकळी उघडी असेल तर पावसाळ्यात मुरलेली ओल निघून जाते. तेव्हा जाळी बसवायची तर तिला झाकण हवे. जूनच्या पहिल्या पावसाला बंद, दसऱ्याच्या सुमारास उघड. झाकण नसलेली जाळी म्हणजे अर्धे काम.

इथली जुनी घरे याच हिशेबाने चालत. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, खाली सारवलेली जमीन, कुड आणि आढ्याच्या मध्ये मोकळी जागा, आणि घरात दिवसातून दोनदा पेटणारी चूल. त्या घरात ओल येत नव्हती असे कोणी सांगत असेल तर त्याने त्यात पावसाळा काढलेला नाही. ओल येत होती आणि जातही होती. जमिनीतून वर आलेली वाफ शेणमातीतून सुटे, चुलीच्या उबेने हलकी होऊन आढ्याखालून बाहेर पडे. धुराने डोळे आणि फुप्फुसे बिघडत, म्हणून चूल परत घरात आणा असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. पण चूल गेली तेव्हा घर वाळवण्याचे तिचे कामही गेले, आणि ते दुसऱ्या कोणाकडे सोपवायचे आपल्याला सुचले नाही. वर आपण सारवणाच्या जागी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल घातली. तिच्यातून वाफ सुटत नाही. खालची ओल मग कडेकडेने सरकते आणि भिंतीत चढते. अनेक वाड्यांवर नव्या घरकुलाशेजारी जुने खोपटे तसेच उभे दिसते आणि माणसे पावसाळ्यात स्वयंपाकाला, कधी झोपायलाही त्यातच असतात. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्या अभियंत्यांनी एकदा जुलैत त्या घरकुलाच्या फरशीवर हात ठेवून पाहावा.

आता मुख्य गोष्ट, जोते. विटेचा आणि मुरमाचा स्वभाव दिव्याच्या वातीसारखा आहे. खाली पाणी असले की ते वर ओढले जाणारच. आयएस १०७७ प्रमाणे साध्या विटेने २४ तास पाण्यात बुडवल्यावर वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. आपल्या भट्ट्यांवरची कच्ची राहिलेली वीट ही मर्यादा सहज ओलांडते, आणि अशाच विटा ‘जोत्यात काय, दिसणार थोडीच’ म्हणून खाली जातात. काळ्या दगडाच्या खाणी हाकेवर असताना! जुन्या घरांची जोती घडीव काळवत्री दगडाची होती, ती काही नुसत्या हौसेने नव्हे. तो दगड पाणी फारसे पीत नाही.

भरावावर आपण नऊ इंची दगडी सोलिंग करतो. पद्धत चांगली आहे. मोठ्या दगडांमधल्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही, ओलीची वाट तिथेच तुटते. आणि मग आपण काय करतो? त्या पोकळ्या मुरूम आणि कच टाकून, पाणी मारून, धुम्मसाने गच्च बसवतो. तुटलेली वाट स्वतःच्या हाताने जोडून देतो. दगड हलू नयेत म्हणून फटी भरायलाच हव्यात, हे मान्य. पण त्या धुतलेल्या कपचीने किंवा वीस मिलीमीटर खडीने भरा. बारीक काही नको. त्यावर २५० मायक्रॉनचा पॉलिथिनचा कागद, सांध्याला निदान एक फूट एकावर एक, कडा भिंतीलगत वर वळवलेल्या, आणि मग कोबा. कागदाखाली टोकदार खडी उघडी राहिली तर तो फाटेल, म्हणून वर बारीक थर द्यावा लागतो; तो वाळूचा, आणि अगदी पातळ. कागदाच्या खालीच असल्याने त्याने बिघडत नाही.

खर्च किती? प्रधानमंत्री आवास योजनेचे घर किमान २५ चौरस मीटरचे, सपाट भागात अनुदान १ लाख २० हजार रुपये. पीएम-जनमनमध्ये कातकरी कुटुंबांना २ लाख. २५ चौरस मीटरला सांधे आणि कडा धरून तीस चौरस मीटर कागद लागेल. त्याचे वजन सात किलोच्या आसपास भरते. दोन हजार रुपयांच्या आत काम होते. एवढे पैसे दाराच्या रंगात वाचतात. अडचण पैशाची नाहीच. अडचण अशी की जोत्याच्या टप्प्यावर जिओ-टॅग केलेला जो फोटो अपलोड होतो त्यात जोते बाहेरून दिसते, आत काय भरले ते दिसत नाही. हप्ता निघतो, कोबा पडतो, विषय संपतो. घरकुलाचे काम पाहणाऱ्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यांना आमची विनंती आहे की कोबा पडण्याआधीचा, अंथरलेल्या कागदाचा एक फोटो स्वतःहून मागावा. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.

डीपीसीबद्दल फार लिहीत नाही, ती सर्वांना ठाऊक आहे. एवढेच की प्लिंथ बीम टाकला म्हणजे डीपीसी झाली असे समजून बाहेरचा गिलावा बीमवरून थेट मातीपर्यंत उतरवू नका. ओलीला तो पूल पुरतो.

आणि जिला आपण जमिनीची ओल म्हणतो ती बरेचदा जमिनीची नसतेच. या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. पूर्वी छपराची वळचण दोन-तीन फूट बाहेर असे, शिवाय पडवी. पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. आता स्लॅब भिंतीला संपतो, पाणी भिंतीलगत पडते, शिंतोडे फूटभर उडतात आणि भिंत खालून भिजते. अशा घरात कितीही जाळ्या बसवा. आधी पत्रा दोन फूट बाहेर काढा, भोवती उताराची अडीच फूट पट्टी घाला, आणि चढाच्या बाजूने येणारे पाणी अडवायला चर खणा. माळशेजच्या पायथ्याला डोंगराकडची भिंतच ओली राहते, कारण मागच्या उतारावरून येणारे सगळे पाणी तिलाच भिडते.

म्हणून खोदकाम काढण्याआधी निदान करा. त्याला यंत्र लागत नाही. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक फरशीवर ठेवून चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा आणि सोळा तासांनी, म्हणजे संध्याकाळी लावले तर दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा, बघा. पाणी खालच्या बाजूला धरले असेल तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला असेल तर हवेतून. पहिल्या रोगाला जोत्याचे औषध. दुसऱ्याला फरशी खोदण्याचे कारणच नाही; तिथे स्वयंपाकघरातली वाफ बाहेर काढणे, कपडे घरात न वाळवणे, कपाट भिंतीपासून चार बोटे सुटे ठेवणे, एवढ्याने बराच फरक पडतो. आठवडाभर कुलूपबंद राहणाऱ्या फार्महाउसना हा दुसराच रोग जास्त असतो, आणि मालक खर्च मात्र पहिल्याच्या औषधावर करतात.

पोकळी कुठे योग्य? उतारावरच्या जागेत. जिथे पाच-सहा फूट भराव घालावा लागेल, तो पावसाळ्यात बसेल आणि फरशीला भेगा जातील, तिथे भरावाऐवजी खांबांवर स्लॅब टाकून खाली मोकळे सोडणे अनेकदा स्वस्तही पडते. आसनगाव-वासिंदच्या इमारतींत खाली पार्किंग असते. त्यांच्या पहिल्या मजल्यावर जमिनीची ओल चढल्याचे कोणी सांगणार नाही. पोकळी ठेवायचीच तर तिच्यात माणूस वाकून शिरेल एवढी उंची ठेवा, आतली जमीन बाहेरच्यापेक्षा उंच ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही, त्या जमिनीवरही कागद किंवा पातळ काँक्रीट घाला, तोंडे समोरासमोरच्या दोन भिंतींत ठेवा. आणि जाळी बारीक, गंज न चढणारी. मण्यार आणि घोणस असलेल्या या मुलखात फरशीखाली उघडी भोके ठेवून देणे हा गुन्हा आहे, मग नकाशात ती कितीही शोभून दिसोत.

ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारी वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शिकेत मान्य केले आहे. आपल्याकडे फरशीवर अंथरूण टाकून झोपणारी मुले आणि म्हातारी माणसे या ओलीच्या सर्वांत जवळ असतात.

या हंगामात तुमच्या हाती असलेल्या कामांपैकी ज्यांचा कोबा अजून पडायचा आहे, त्या प्रत्येक जोत्यावर कोबा पडायच्या आदल्या दिवशी स्वतः जा. सोलिंगमध्ये बोट घालून पाहा. मुरूम लागला तर काढायला लावा.